पंधरा पूर्ण होण्याआधी

होशंगाबाद रोडच्या दोन्ही अंगांना गहू कापून झाला की शेतात उरलेली खुंटं पेटवून देतात. इकडे त्याला नरवाई म्हणतात. दरवर्षी सरकारी मनाई होते आणि दरवर्षी नरवाई पेटते. संध्याकाळी वारा पडला की तो धूर मिसरोदच्या गच्च्यांवर येऊन बसतो. दोरीवरचे टॉवेल, उशांचे अभ्रे, माणसांचे केस, सगळ्यांना एक करपट वास लागतो. सवयीची माणसं खिडक्या लावून घेतात. मी परवा गच्चीवर उभा राहून तो वास छातीभर घेतला.

बारा वर्षांत पहिल्यांदा मी एप्रिलमध्ये भोपाळला आलो आहे. एरवी येतो तो डिसेंबरात. कोणी विचारलं तर सांगतो, ओंकारला, माझ्या मुलाला, तेव्हाच सुट्टी असते. ओंकार आता एकोणीस वर्षांचा आहे आणि गेली चार वर्षं तो माझ्याबरोबर येतही नाही. तरी मी डिसेंबरातच येतो. खरं कारण इतकंच की मला इथला गव्हाचा हंगाम टाळायचा असतो. यंदा टळला नाही. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि रेवाचा फोन आला.

"काका, आजीचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. यायचं असेल तर या. नाही आलात तरी होऊन जाईल, टेन्शन घेऊ नका."

रेवा माझ्या थोरल्या भावाची मुलगी. ती हे रागाने म्हणत नाही. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते खरंच तसं आहे. माझ्यावाचून इथलं सगळं होऊन जातं. ते कोणाच्या जिवावर होतं आणि तसं का झालं, हे लिहायला मी बसलो आहे. ज्या देशात मी राहतो त्याचं नाव लिहीत नाही. चूक त्या देशाची नाही.

आमच्याकडे वर्षाचा गहू एप्रिलात भरतात. सिहोरकडचा शरबती. दाणा सोनेरी, मुठीत धरला तर बोटांमधून निसटणारा. पोती आली की आठ-दहा दिवस घराचं रूप बदलतं. गच्चीवर जुन्या चादरी अंथरायच्या, गहू चाळायचा, पाखडायचा, उन्हात पसरायचा, अनवाणी पायाने ओळी ओढत उलटा करायचा, कबुतरं हाकलायची. मग एरंडेलाचा हात फिरवून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या कोठीत भरायचा. त्या दिवसांत जिन्यावर पाय ठेवला की तळव्याला दाणे टोचतात, आणि कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात एरंडेलाचा वास मिसळलेला असतो. अंदाज सोपा असतो, माणशी एक क्विंटल. म्हणून गहू सांगण्याआधी आई दरवर्षी विचारायची, "यंदा किती माणसांचा?" आणि वडील वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचे, "कोणी पळून गेलंय का घरातून?"

त्या वर्षी वडील नव्हते. हिवाळ्यातच गेले होते. आईने प्रश्न विचारला आणि पहिल्यांदाच कोणी उत्तर दिलं नाही. घरात आम्ही पाच जण होतो. आई, मी, माझी बायको शुभदा, चौदा वर्षांची रेवा आणि सात वर्षांचा ओंकार. माझ्या खिशात परदेशातल्या नोकरीचं पत्र होतं.

माझे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. राज्याची फेररचना झाली, कचेरी भोपाळला हलली, तेव्हा ते फायलींच्या पेट्यांबरोबर इकडे आले. वडील पुढे त्याच कचेरीत लागले. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझं बालपण गेलं. तिथे सगळ्याच घरांत कागदाला मान होता, पण वडिलांसारखा कोणाकडेच नव्हता. नळाला पाणी नाही, एवढं कळवायचं असलं तरी ते वर 'विषय' लिहायचे, डाव्या हाताला समास सोडायचे आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवायचे. निवृत्त होऊन मिसरोदला घर बांधलं तेव्हा त्या प्रतींची एक लोखंडी पेटी आमच्याबरोबर आली. अशा घरात एका गोष्टीचा कागद कधी झाला नाही.

दादा आणि वहिनी इटारसीहून परत येताना अपघातात गेले. रेवा अडीच वर्षांची होती, आजीजवळ घरी राहिली होती म्हणून वाचली. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तेराव्या दिवशी पानं उठल्यावर वडिलांनी सगळ्यांसमोर रेवाला उचललं आणि शुभदाच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "झालं. आता हिचं वेगळं काही बोलायचं नाही." अमरावतीचे मामा व्यवहारी. ते म्हणाले, "भाऊजी, दत्तकाचं कायदेशीर करून टाका. पुढे उपयोगी पडतं." वडील चिडले. मी त्यांना इतकं चिडलेलं क्वचित पाहिलं. "घरातली मुलगी घरात घ्यायला कोर्टात जायचं? उद्या ती तो कागद वाचेल आणि विचारेल, मला आणलं कुठून?"

सगळ्यांना ते पटलं. मलाही. आजही मला वाटतं की त्या क्षणी ते बोलणं निखळ मायेचं होतं. जन्माच्या दाखल्यावर दादाचं नाव, शाळेत दादाचं नाव आणि घरात मी बाबा, शुभदा आई. ओंकार झाला तेव्हा रेवा सात वर्षांची होती. ती दवाखान्यात सगळ्यांना सांगत फिरली, "मेरा भाई हुआ है." कोणाला त्यात दुरुस्ती करावीशी वाटली नाही.

मी मंडीदीपच्या एका कारखान्यात होतो. यंत्रांच्या देखभालीचं काम. सकाळी कंपनीची बस मिसरोदच्या नाक्यावरून घ्यायची आणि संध्याकाळी तिथेच सोडायची. एकोणचाळीस वर्षांचा झालो होतो. तिकडच्या नोकरीचं पत्र आलं, त्यात ऑगस्टपर्यंत रुजू व्हायचं होतं. आधी कामाचा व्हिसा, दोन-तीन वर्षांनी कायमच्या वास्तव्याचा अर्ज. त्या अर्जाला गुण असतात, आणि वय वाढेल तसे ते कमी होत जातात. मला रोज सकाळी दाढी करताना गुण कमी होताना दिसायचे. हे आता हास्यास्पद वाटतं. तेव्हा वाटत नव्हतं.

टी. टी. नगरमध्ये एका कन्सल्टंट बाईंचं ऑफिस होतं. त्यांनी कुटुंबाच्या माहितीचा कच्चा फॉर्म घरी भरून आणायला दिला. घरात सगळ्यात सुंदर अक्षर रेवाचं. तिची नववीची परीक्षा नुकतीच संपली होती. ती गच्चीच्या दारात, सावलीच्या कडेला फतकल मारून बसली. समोर गहू पसरलेला, मांडीवर ओंकारची पाटी, पाटीवर फॉर्म. एका हाताने कबुतरं उडवायची आणि दुसऱ्या हाताने लिहायची.

"बाबा, ओंकारच्या नावात एक ए का दोन?"

"पासपोर्टवर बघ."

"आणि तू 'ऑक्युपेशन'मध्ये काय आहेस? इंजिनिअर लिहू का बसवाला?"

"बसवाला लिही. लवकर घेतील."

तिने फॉर्म भरला. एक मी, दोन शुभदा, तीन रेवा, चार ओंकार. तिसऱ्या ओळीत नात्याच्या रकान्यात तिने स्वतःच्या हाताने मुलगी असं लिहिलं. तिला विचार करावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी व्हिसासाठी फोटो काढायचे म्हणून आम्ही सगळेच टी. टी. नगरला गेलो. कन्सल्टंट बाई तरुण होत्या, हसतमुख. कागद चाळताना थांबल्या. "सर, बिटिया के बर्थ सर्टिफिकेट में तो फादर का नाम अलग है."

इथे मी काय म्हणू शकलो असतो ते मी बारा वर्षं मनात म्हणत आलो आहे. बेटी है, काग़ज़ बनवा रहे हैं. एवढंच. पाच-सहा शब्द. मी म्हणालो, "भतीजी है. हमारे साथ रहती है."

शुभदाने माझ्याकडे पाहिलं. रेवा भिंतीवरच्या जगाच्या नकाशाकडे पाहत होती. बाईंनी पट्टी घेतली आणि तिसऱ्या ओळीवर लाल रेघ मारली. "फिर डिपेंडेंट में नहीं आएगी, सर. गोद लेने के पेपर हैं क्या? नहीं? बनवा सकते हैं, पर टाइम लगेगा, और आपका ऑफ़र अगस्त तक का है. ज़्यादातर लोग पहले निकल जाते हैं, बाद में बुला लेते हैं."

आम्ही रिक्षाने घरी निघालो. रोशनपुऱ्याचा चढ आला तेव्हा रेवा म्हणाली, "रेघ पट्टीने मारली त्यांनी. किती नीट मारली ना."

त्याच आठवड्यात कधीतरी ती मला काका आणि शुभदाला काकू म्हणू लागली. ठरवून नाही. आधी पाहुण्यांसमोर, मग फोनवर, मग घरात. त्याबरोबर 'तू'चं 'तुम्ही' झालं. मी एकदाही विचारलं नाही, असं का. न विचारणं सोयीचं होतं.

आता जे लिहिणार आहे ते मी शुभदालाही सांगितलेलं नाही.

मी एकटा वकिलाकडे गेलो होतो. वडिलांच्या ओळखीचे म्हातारे वकील, तुलसी नगरच्या आमच्या जुन्या क्वार्टरपासून जवळच राहायचे. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकलं आणि आधी वडिलांबद्दलच बोलले. "आपके पिताजी तो हर बात लिखकर रखते थे. यह कैसे रह गया?" मग समजावून सांगितलं. आईवडील नाहीत, तर पालकाने मुलगी द्यायची, पालक म्हणजे माझी आई, आणि त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. पण हे सगळं मुलीला पंधरा वर्षं पूर्ण होण्याआधी व्हायला हवं.

"कब होंगे पंद्रह?"

"मई के आख़िरी हफ़्ते में."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "अर्ज़ी इसी हफ़्ते लगा दो. कोर्ट की गर्मी की छुट्टियों से पहले हो सकता है. निकल गया तो इस क़ानून में फिर रास्ता नहीं, बेटा."

"और वीज़ा? उसमें देर हो गई तो?"

"वीज़ा मैं नहीं जानता. लड़की की उम्र तुम्हारे वीज़ा के लिए रुकेगी नहीं, इतना जानता हूँ."

त्यांनी दोन दिवसांत अर्ज टाइप करून दिला. तीन पानं. खाली दोन सह्या, एक आईची, एक माझी. मी ती पानं ऑफिसच्या बॅगेत, डब्याच्या कप्प्यात ठेवली. घरी जेवताना आईने विचारलं, "काय म्हणाले वकील?"

मी वाटीतलं वरण भातावर ओतलं आणि म्हणालो, "कायद्यात बसत नाही."

"बसत नाही म्हणजे?"

"म्हणजे वय जास्त झालं तिचं. पुढे बोलावून घेऊ आपण. तिकडे गेलं की दुसरे मार्ग असतात."

मला अजून आश्चर्य वाटतं ते या गोष्टीचं, की जीभ अडखळली नाही. वरण गरम होतं की नाही तेही आठवतं. तूर, गूळ, कढीलिंब. रेवा ओंकारला घास भरवत होती. ती म्हणाली, "जाऊ दे ना. मला दहावी इथेच करायची आहे. मैत्रिणी आहेत सगळ्या." चौदा वर्षांची मुलगी मला सोडवत होती आणि मी सुटलो.

मग गव्हाचे दिवस. दुपारी तीनला गच्चीवरची फरशी इतकी तापायची की गहू उलटायला पायात मोजे घालून जावं लागायचं. मी सुट्ट्या घेतल्या होत्या, कागदपत्रांसाठी. कबुतरं हाकलायला बसायचो, बॅग शेजारी घेऊन. बॅगेत ती तीन पानं. खाली आई सुपात गहू घेऊन बसलेली, शुभदा कोठ्या पुसत असलेली. एक हाक मारली असती, "आई, जरा इथे सही कर." एवढंच काम होतं. लू वाहायची, चादरींची टोकं उडायची, मी त्यांवर विटा ठेवायचो. रोज वाटायचं, उद्या. एप्रिल गेला. कोर्टाच्या सुट्ट्या लागल्या.

मी स्वतःला तेव्हा कारणं देत होतो. ऑफर जाईल. गुण कमी होतील. ओंकारचं भविष्य. ती सगळी खरी होती, पण त्यांच्या आड एक कारण होतं, ते मी आज पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे. आई कुठेही यायला तयार नव्हती. "मी या घरातून हलणार नाही" म्हणाली होती. रेवा आमच्याबरोबर आली असती तर आई एकटी पडली असती, आणि आईला एकटी टाकून जाणारा मुलगा म्हणून मला लोकांनी ओळखलं असतं. रेवा राहिली तर आईजवळ कोणीतरी राहणार होतं. माझ्या जागी. मी पोरीला मागे ठेवलं नाही, मी तिला माझ्या कामावर ठेवलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात तिचा पंधरावा वाढदिवस झाला. आईने आमरस-पुऱ्या केल्या. शेजारच्या मुली आल्या होत्या. कूलर सारखा पाणी मागत होता आणि ओंकार प्रत्येक पुरी फुगली की टाळी वाजवत होता. रेवाने नवा निळा कुर्ता घातला होता. केक कापताना सगळे गात होते, मीही गात होतो. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं की आज काय संपलं. मी दोन वाट्या आमरस खाल्ला. हेही लिहायला हवं. मला भूक होती.

ती पानं मी जूनमध्ये मंडीदीपला, कारखान्याच्या ऑफिसात, कागद कापायच्या यंत्रात घातली. पुढे तिकडे गेल्यावर कळलं की नात्यातलं मूल दत्तक घ्यायला दुसरा एक कायदा होता, त्यात अठरापर्यंत मुदत होती. म्हणजे पंधराव्या वाढदिवसानंतरही तीन वर्षं होती, आणि मला कळलं तेव्हा त्यातलं एक अजून हातात होतं. मी ते कळूनही काही केलं नाही. त्या वेळी आमचा कायमच्या वास्तव्याचा अर्ज तपासणीत होता, मधेच काही बदललं तर फाइल मागे पडते असं सगळे म्हणत होते. त्या अर्जात एक पान होतं, सोबत येणारे आणि न येणारे असे कुटुंबातले सगळे लिहा म्हणून. मी तीन नावं लिहिली. पट्टीची गरज पडली नाही.

कायमच्या वास्तव्याची कार्डं टपालाने आली. शुभदाने शिरा केला. ओंकार दहा वर्षांचा होता. त्याने तिन्ही कार्डं टेबलावर ओळीने मांडली आणि विचारलं, "रेवूताईचं नंतर येणार का?" शुभदा उठून नळ सोडून उभी राहिली. मी म्हणालो, "हो, नंतर."

नंतर दोनदा तिने पाहुणी म्हणून यायचा व्हिसा मागितला. एकदा ओंकारची शाळा संपली तेव्हा, एकदा शुभदाचं ऑपरेशन झालं तेव्हा. दोन्ही वेळा नाकारला. आईवडील नाहीत, लग्न नाही, आणि बोलावणारे नातेवाईक तिकडे स्थायिक. ही परत जाईल याची खात्री वाटत नाही, असं कारण. दुसऱ्या वेळी तिने फोनवर मला ते पत्र वाचून दाखवलं आणि हसायला लागली.

"काका, यांना वाटतं माझं सगळं कुटुंब तिकडे आहे. मतलब, तुम्ही लिहिलं नाहीत तरी त्यांना कळलं बघा!"

मीही हसलो. आमच्या घरात एवढं कडू कोणी कधी बोललं नव्हतं, आणि ती ते विनोद म्हणून बोलली होती.

आता रेवा सत्तावीसची होत आली आहे. फिजिओथेरपिस्ट आहे. मिसरोदमध्येच एका डॉक्टरांच्या दवाखान्यात सकाळी बसते, दुपारी घरोघरी जाते. या भागातले निम्मे म्हातारे गुडघे तिच्या ओळखीचे आहेत. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ती फोनवर गहूवाल्याशी भांडत होती. "भैया, पिछली बार मिट्टी वाला टिका दिया था. इस बार ऐसा किया ना, तो आपकी कमर का दर्द आप ही देखना." आई पलंगावर, काळा चष्मा लावून, हुकूम सोडत होती. "रेवे, पाला घातलास का? चादरी धुतल्यास का? तुझ्या काकाला वर पाठव, नुसता बसलाय."

"आजी, तू डोळा मिटून पड. तुला दिसत नाही तरी सगळं दिसतं कसं गं?"

दोन माणसांचा गहू होता. मी वर जाऊन कबुतरं हाकलली. एवढंच काम मला जमतं असं दोघींचं मत आहे.

काल दुपारी शेजारच्या जोशीकाकू आईचा डोळा बघायला आल्या. रेवाने चहा आणला. काकू तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणाल्या, "पोटची असती तरी एवढं करती ना. आणि हिलाच नेता आलं नाही तुम्हाला."

आई लगेच उठून बसली. "त्याचा काय दोष? कायद्यात बसलं नाही हो. नाहीतर माझा मुलगा हिला सोडून गेला असता का? किती खेटे घातले त्याने वकिलाकडे त्या उन्हात! चेहरा एवढासा झाला होता."

मी कपात बघत होतो. रेवा बिस्किटांची बशी पुढे करत होती. तिने मला म्हटलं, "घ्या काका," आणि तिच्या आवाजात कसलाच आडपडदा नव्हता. तिचाही त्यावर विश्वास होता. इतकी वर्षं मी समजत होतो की तिला आतून माहीत असेल, मुलींना कळतं, ती मला शिक्षा म्हणून गप्प आहे. तसं काही नव्हतं. ती मला प्रयत्न करून हरलेला माणूस समजत होती. ते मला सहन झालं नाही.

काकू गेल्यावर आई झोपली. रेवा गहू उलटायला वर गेली, मी मागोमाग गेलो. ती पाय ओढत ओळी पाडत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभा राहून सगळं सांगितलं. वकील, पंधरा वर्षं, तीन पानं, डब्याचा कप्पा, कागद कापायचं यंत्र. आईजवळ कोणी राहावं म्हणून, हेही सांगितलं. मध्ये ती थांबली नाही. माझं बोलून झालं तेव्हा ती गच्चीच्या दुसऱ्या टोकाला होती.

"आजीला माहीत आहे?"

"नाही."

"काकूला?"

"नाही. कोणालाच नाही."

"मग मला का सांगितलंत?"

मी म्हणालो की ओझं झालं होतं. की तुला खरं कळायला हवं होतं. की तू मला काहीही बोल.

ती जवळ आली. कपाळावरचा घाम ओढणीने पुसला. पेशंटशी बोलते तशी शांतपणे बोलत होती.

"काका, मी त्या कायद्यावर चिडले होते. खूप दिवस. मग कळलं, कायद्यावर किती चिडणार? तो काय कोणाचा लागतो. सोडून दिलं. बरं चाललं होतं माझं. सच में, बरं चाललं होतं."

तिने पायाने एक ओळ सरळ केली.

"बारा वर्षं तुम्ही हे सांभाळलंत. आता तुम्ही मंगळवारी जाल आणि हे इथे राहील. आजी माझ्याकडे, घर माझ्याकडे, आता हेही माझ्याकडे. जाताना तुम्ही नेहमी हलकेच जाता."

"मी आईलाही सांगतो. आत्ता सांगतो."

"नाही." पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "खबरदार. तिचा एकच मुलगा उरलाय आणि तो चांगला आहे, एवढ्यावर ती जगते आहे. तेवढं तरी राहू द्या. तुम्हाला कितीही वाटलं, रडायला आलं, काहीही झालं, तरी ती असेपर्यंत तुम्ही तिला सांगायचं नाही. मला वचन नको. फक्त सांगू नका."

मग तिने घड्याळ पाहिलं. "आजीच्या ड्रॉप्सची वेळ झाली," म्हणाली आणि जिना उतरली. मी तिच्यामागे उतरलो.

आई जागी झाली होती. रेवाने तिची मान मागे टेकवली, पापणी बोटाने अलगद खाली ओढली. आई वर आढ्याकडे पाहत म्हणाली, "एवढा वेळ काय बोलत होतात गं दोघं उन्हात?"

रेवा थेंब सोडत होती. तिचा हात हलला नाही. ती उत्तर देणार नव्हती. ते मलाच द्यायचं होतं, आणि इथून पुढे आई विचारेल तितक्या वेळा मलाच द्यायचं होतं.

"काही नाही, आई," मी म्हणालो. जीभ यावेळीही अडखळली नाही.